टिकली शेळी आणि निखाऱ्यांचा निवाडा

डोंगरापलीकडच्या एका गावात न्याय करायची फार सोपी रीत होती. कुणावर आळ आला की त्याने निखाऱ्यांवरून अनवाणी चालायचं. पाय भाजले तर खोटा, नाही भाजले तर खरा. विचारपूस करायची कटकटच नाही.

त्या गावात एक रागीट बाई राहायची. तिची टिकली नावाची शेळी एकदा नाहीशी झाली, आणि त्याच दुपारी पाटलाच्या घरातून रश्श्याचा वास सुटला. बाईने भर चावडीवर पाटलाला चोर म्हटलं.

पाटील निखाऱ्यांवरून तरातरा चालत गेला. फोड नाही, चट्टा नाही. पंचांनी सांगून टाकलं, बाई खोटी आहे, तिने दिवस मावळायच्या आत गाव सोडावं.

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच निखाऱ्यांत घुसली आणि पलीकडे निघाली. तिचेही पाय शाबूत. म्हणजे दोघंही खरे. पंच डोकं खाजवत बसले, पण बाईच्या ध्यानात आलं. चुलीतला निखारा ती रोज बोटांनीच आत सारायची. झटकन सोडला की काही होत नाही, धरून ठेवला की भाजतो. इथे तर वर राखेची दुलई होती.

"पाटील, देवाला असं पळत पळत सांगतात होय?" ती म्हणाली. "मधे उभे राहा आणि सावकाश बोला."

गावासमोर नाही कसं म्हणणार? पाटील उभा राहिला. "मी टिकलीला..." एवढं बोलला आणि "खाल्ली, मीच खाल्ली" म्हणत उडी मारून बाहेर आला.

लोक खूश झाले. बाई नाही झाली. मघाशी तिला हाकलणाऱ्या पाचही पंचांना तिने एकेक करून आत उभं केलं. पाचही जणांनी टिकली खाल्ली होती. मग देवळातला पुजारी. तो जन्मात मटणाला शिवला नव्हता, त्यानेही कलेजी खाल्ल्याचं कबूल केलं.

"अरे मेल्यांनो, आत उभं केलंत तर मीसुद्धा म्हणेन की माझी शेळी मीच खाल्ली," बाई कडाडली.

पण रीत ती रीत. कबुली दिली की भरपाई. संध्याकाळी तिच्या दारात सात शेळ्या बांधल्या गेल्या. बाई उंबऱ्यावर बसून सगळ्या गावाला शिव्या घालत राहिली. तिला सात शेळ्या नको होत्या. टिकलीचं काय झालं, ते हवं होतं. आणि ते अजून कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

तात्पर्य: निखाऱ्याला पाय कळतात, पाप कळत नाही.