चार काळे कोपरे

तळकोटच्या राजांच्या वाढदिवसाच्या फोटोत सेनापती दिसेनात!

डाव्या टोकाला उभे होते बिचारे, छाती काढून, मिशांना तूप लावून. फोटोत त्या जागी नुसता काळोख. उजव्या टोकाला राणीसाहेबांचे भाऊ होते, तेही गडप! वरच्या दोन कोपऱ्यांतल्या झेंड्यांचाही पत्ता नाही. मधोमध राजे हिंदुराव तेवढे लख्ख. सेनापतींनी अन्न सोडलं, राणीसाहेबांनी राजांशी बोलणं सोडलं, आणि दोष कोणाला द्यायचा याचा राजांनी शोध सुरू केला. त्यासाठी फार लांब जावं लागलं नाही. फोटो काढणारा भानजी चितारी समोरच उभा होता.

खरी गोष्ट अशी, की राजांनी नवा कॅमेरा घेतला होता. "एवढा मोठा सेन्सर पंचक्रोशीत कोणाकडे नाही!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातला तो चौकोन, ज्याच्यावर चित्र उमटतं. लेन्स मात्र जुन्या, लहान कॅमेऱ्याची होती, कारण ज्योतिषीबुवांनी ती लाभाची ठरवली होती. नव्या कॅमेऱ्यावर ती खटकन बसली आणि राजे म्हणाले, "बसली म्हणजे जुळली!" तळकोटात लग्नंही याच न्यायाने ठरत, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

"महाराज, ही लेन्स लहान सेन्सरची आहे," भानजी चाचरत म्हणाला.

"म्हणजे माझी निवड चुकली म्हणतोस?"

प्रधान लगबगीने पुढे आले. "छे छे! महाराजांच्या तेजापुढे कडेचे लोक काळे पडणारच!"

हे राजांना पटलं, पण राणीसाहेबांना पटेना. मग राजांनी हुकूम सोडला, "भानजी, आठ दिवसांत दरबाराचा फोटो हवा, चारही कोपरे लख्ख! मी हवा, सेनापती हवा, मेहुणा हवा. कॅमेरा हाच, लेन्स हीच. मागाहून कडा कापायच्या नाहीत. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर पोरीला घेऊन वेशीबाहेर चालू लाग!"

घरी भानजी डोक्याला हात लावून बसला. त्याची मुलगी चांगुणा भाकऱ्या थापत होती.

"आबा, नेमकं अडलंय कुठं?"

"लेन्समधून उजेड गोल पडतो गं. लहान सेन्सरला तो गोल पुरतो. मोठ्याचे कोपरे बाहेर राहतात. चौकोनी पाटावर लहान भाकरी ठेवली तर कोपरे उघडेच राहणार ना?"

"मग भाकरी मोठी थापायची!"

"लेन्स म्हणजे काय पीठ आहे?"

चांगुणाने हात पुसले, बॅटरी घेतली आणि अंधाऱ्या माजघराच्या भिंतीवर उजेड पाडला. एक पाऊल मागे सरली. गोल मोठा झाला. आणखी मागे सरली. आणखी मोठा!

"आबा, लेन्स सेन्सरपासून जरा लांब धरली तर?"

"गोल वाढेल की. पण मग लांबचं सगळं धूसर. अगदी नाकासमोरचं तेवढं स्पष्ट दिसेल."

"मग दरबार नाकासमोर आणू!"

"दरबार काय पाटीत भरून आणणार आहेस?" भानजी वैतागला. चांगुणा दोन केसांची कुंचली शोधायला लागली.

आठव्या दिवशी तिने भर दरबारात फोटो मोठा करून भिंतीवर दाखवला. सेनापती मिशांसकट हजर! मेहुणे हजर! झेंडे फडफडताहेत, कोपरान् कोपरा लख्ख, मधोमध राजे! सेनापतींनी तिथल्या तिथे लाडू मागवला.

"पण असे आम्ही उभे राहिलो कधी?" राजे गोंधळले.

चांगुणाने काडेपेटीएवढा कागद पुढे केला. त्यावर सगळा दरबार रंगवलेला होता. चितारी घराण्याचा हात तो, नखावरसुद्धा हत्ती काढेल!

"हे तर चित्र आहे! फसवणूक!"

"महाराज हवेत, सेनापती हवेत, मेहुणे हवेत, असा हुकूम होता. सगळे आहेत. केवढे हवेत ते हुकमात नव्हतं!"

राजांनी कॅमेरा उलटसुलट केला. लेन्सच्या मागे, आतून काजळी फासलेलं, दोन बोटं लांबीचं बांबूचं कांडं होतं. "आणि हे? लेन्स हीच, कॅमेरा हाच, असं बजावलं होतं मी!"

"हीच लेन्स, हाच कॅमेरा. दोघांत अंतर किती ठेवायचं ते महाराज बोलले नव्हते."

"अगं पण मला काडेपेटीएवढा करून टाकलास!"

"काय करू महाराज? सेन्सर मोठा, लेन्स लहान. अशा जोडीत कोणाला तरी लहान व्हावंच लागतं. आठ दिवस आबा होत होते, आज महाराज झाले!"

प्रधान जमिनीकडे बघायला लागले. त्याची त्यांना सवयच होती. राजांच्या मिशा थरथरल्या, गाल फुगले, आणि ते खो खो हसत सुटले!

"जिंकलीस पोरी! माग काय हवं ते!"

"ही लेन्स द्या महाराज. आमच्या घरच्या लहान कॅमेऱ्याला तिचा गोल पुरेपूर होईल."

"एवढंच?" राजांनी लेन्स काढून तिच्या हातावर ठेवली. मग त्यांचं लक्ष आपल्या कॅमेऱ्याच्या उघड्या भोकाकडे गेलं. "थांब थांब! म्हणजे आता मला दुसरी लेन्स घ्यावी लागणार. आणि ती या मोठ्या सेन्सरला पुरणारीच हवी!"

"बघा!" चांगुणाने हात जोडले. "भर दरबारात हे बोलायची छाती एकट्या महाराजांचीच!"

यावर राजे असे हसले, की सेनापतींच्या हातातला लाडू खाली पडला. राजांनी अंगावरचा शेला भानजीच्या खांद्यावर टाकला आणि नवी लेन्स निवडायला त्यालाच धाडलं. ज्योतिषीबुवांना मात्र बरोबर नेऊ नकोस, असं दोनदा बजावलं.