सिंधूची घटकाभर झोप

एका गावात एक भोळा बाप होता. नाव झुंबर. बायको सिंधू आणि पाळण्यात वीस दिवसांची लेक. लेकीपायी सिंधूच्या डोळ्याला चार दिवस डोळा लागला नव्हता. ती म्हणाली, "अहो, आज दुपारी घटकाभर तरी झोपू द्या. नाहीतर मी चुलीपुढंच पडेन."

सकाळीच नर्सबाई सांगून गेल्या होत्या, "उताणं निजवायचं. डोक्याखाली उशी नाही." झुंबरनं ते पाठ केलं.

नात बघायला आलेला सासरा जेवून कुशीवर आडवा झाला, घोरू लागला. झुंबरनं उशी ओढली आणि त्याला उताणा केला. डोकं फरशीवर आपटलं.

"मेलो गं!" सासरा ओरडला. लेक उठली.

"अहो, ते बाळासाठी होतं!" सिंधू म्हणाली. "झोपलेल्या माणसाला उठवायचं नसतं."

"असं होय! आधी सांगायचं."

लेक परत झोपली. सासराही पडला. पडता पडता म्हणाला, "जावईबापू, तीनच्या एसटीला उठवा हं."

तीनला एसटी आली, हॉर्न वाजवून गेली. झुंबर सासऱ्याच्या उशाशी माश्या हाकत बसला होता. चारला सासरा उठला आणि त्यानं असा काही तोंडाचा पट्टा सोडला, की लेक पुन्हा उठली.

सिंधूला रडूच आलं. "अहो, जो आवाज करील त्याला अंगणात काढा. मग तो कुणी का असेना!"

झुंबरनं सासऱ्याला पिशवीसकट अंगणात काढलं. तो तणतणत पायीच गावाला निघाला.

घर गप्प झालं. लेक झोपली. सिंधूही झोपली. आणि दमलेली ती, घोरू लागली.

झुंबर विचारात पडला. आवाज तर होतोय, म्हणजे बाहेर काढायला हवं. पण उठवायचं तर नाही. त्यानं तिला गोधडीसकट अलगद उचलून अंगणात ठेवलं. उशी काढली. बाळाची आई म्हणजे बाळापैकीच की! सरळ उताणी केली. तोंडावर ऊन येत होतं, म्हणून पांढरं धोतर पसरलं. सिंधूचं घोरणं थांबलं.

शेजारची गोदाकाकू पाणी घेऊन येत होती. "अगं बाई! काय झालं रे झुंबर?"

"चार दिवस तळमळत होती, काकू. आत्ता कुठं शांत झाली."

काकूच्या हातातली घागर सुटली. तिनं हंबरडा फोडला. आळी जमली. कुणी बांबू आणायला धावलं. झुंबर तोंडावर बोट ठेवून दारात उभा. "हळू रडा हो! बाळ उठेल."

तेवढ्यात धोतर बाजूला सारून सिंधू उठून बसली. आळी किंचाळत पळाली. आत लेकीनं टाहो फोडला.

झुंबर संतापला. "झोपलेल्या माणसाला उठवायचं नसतं, एवढंसुद्धा कळत नाही या गावाला!"