शिदोरी कोणी बांधली?

"आणि निघताना त्याला शिदोरी कोणी बांधून दिली?"

खेमगिरी महाराजांनी एवढंच विचारलं, आणि इतका वेळ घडाघडा बोलणारा भैरवगिरी एकदम अडखळला.

घाटमाथ्यावरचा हा मठ. येणाऱ्याजाणाऱ्याला इथे दोन घास मिळत. जुना आचारी थकला, नवा हवा होता, आणि लिंबाजी नावाचा एक माणूस काम मागायला आला होता. इथली रीत अशी, की कोणालाही ठेवून घेण्याआधी तो मागे जिथे होता तिथे जाऊन चौकशी करायची. लिंबाजी नागझरीच्या मठातून आलेला. म्हणून महाराजांनी भैरवगिरीला नागझरीला पाठवलं होतं, आणि तो नुकताच परतला होता.

भैरवगिरी त्यांचा बारा वर्षांपासूनचा शिष्य. माणूस पारखावा तर आपणच, असा त्याचा स्वतःविषयीचा समज. समज चुकीचा होता असं नाही, पण तो जरा जास्तच होता.

"शिदोरीचं विचारायचं राहिलं, महाराज," तो म्हणाला. "पण मुद्द्याचं कळलं की. उत्सवाच्या दिवशी खीर चुलीवर ठेवून हा झोपला. खीर करपली. वर कारभाऱ्यांना सांगतो, दूधच नासकं होतं. म्हणून काढला त्याला. खीर करपते एखाद्याची, त्याचं काही नाही. पण खोटं बोलणारा माणूस आपल्याला नको."

"कारभाऱ्यांनी सांगितलं?"

"...हो."

"मठात बसून?"

"हो, महाराज."

महाराजांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. डोकं तुळतुळीत होतं. परवा निघताना त्यावर चांगले बोटभर केस होते.

"छान झालंय," महाराज म्हणाले. "वेशीबाहेरच्या चिंचेखाली बसतो ना, त्या न्हाव्याचा हात मोठा हलका आहे."

...

भैरवगिरीचा हात डोक्यावर गेला. नागझरीच्या वेशीपर्यंत तो गेला होता, खोटं नाही. पण वेस ओलांडायला पाय उचलेना. समोर मठाचा कळस दिसत होता आणि हा चिंचेखाली उभा. नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून न्हाव्यापुढे बसला. न्हाव्याला काय, गावातल्या गोष्टी सांगायला गिऱ्हाईक हवंच असतं. खिरीची गोष्ट तिथे कळली. ती घेऊन गडी तसाच माघारी फिरला.

त्याला कारण होतं, आणि ते त्याने बारा वर्षं कोणाला कळू दिलं नव्हतं.

एके काळी तो स्वतः नागझरीच्या मठात होता. देवापुढचा नंदादीप त्याच्याकडे असे. एका पहाटे दिवा विझलेला दिसला. त्याने गुपचूप वात पेटवली आणि विचारल्यावर शपथ घेऊन सांगितलं, दिवा क्षणभरही विझला नव्हता. ते उघडकीला आलं. सगळ्यांदेखत त्याला मठाबाहेर काढलं. मग हा इथे आला, आणि कुठून आलास म्हटल्यावर म्हणाला, थेट घरून.

तेव्हापासून नागझरीचा कोणी वाटसरू पंगतीला बसला, की भैरवगिरीला हटकून काहीतरी काम निघायचं.

"लिंबाजी," महाराजांनी हाक मारली.

लिंबाजी बाहेर पायरीवर बसला होता. तो आत आला, आणि दोघांच्या तोंडांकडे पाहून त्याचा चेहरा उतरला. घरी बायको आणि तीन लेकरं. इथेही नको म्हणाले तर जायचं कुठे, हे त्याला माहीत नव्हतं.

"तुझी शिदोरी कुठाय?"

"भाकरी संपली, महाराज. नुसतं फडकं हाय."

"दाखव."

त्याने कमरेचं फडकं सोडून पुढे धरलं. जुनं, धुवून धुवून विरलेलं. महाराजांनी ते घेतलं आणि भैरवगिरीच्या मांडीवर ठेवलं.

फडक्याच्या एका कोपऱ्याला लहानशी गाठ होती. भैरवगिरीने ती चाचपली. आत गुळाचा खडा.

...

त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. कोपऱ्यात गुळाची गाठ मारणारी बाई त्याला ठाऊक होती. नागझरीच्या मठात दळणकांडण करणारी गोजराबाई. ती सगळ्यांनाच शिदोरी देत नसे. देवाचं तेल विकणाऱ्या एकाला काढलं, तेव्हा तिने जात्यावरून मान वर केली नव्हती. पण भैरवगिरीला काढलं त्या सकाळी ती मागच्या दाराने धावत आली होती. हातात असंच एक फडकं. "वाटेत खा," एवढंच म्हणाली. त्याला तिच्याकडे बघायचंही बळ झालं नव्हतं.

"गूळ का नाही खाल्लास?" त्याने लिंबाजीला विचारलं.

"पोरांना ठेवलाय," लिंबाजी म्हणाला. "अन् महाराज, खीर माझ्यामुळंच करपली. दूध चांगलं होतं. भ्यालो अन् खोटं बोललो. गोजराबाईला निघताना सांगितलं खरं काय ते. तुम्हालाबी सांगतो."

भैरवगिरीने फडकं घडी करून त्याच्या हातात दिलं. मग तो महाराजांकडे वळला.

"मी मठात गेलोच नाही. न्हाव्याकडून ऐकून आलो."

महाराजांनी मान डोलावली.

"आणि बारा वर्षांपूर्वी... मी घरून आलो नव्हतो."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू आलास तेव्हा तुझ्याही फडक्याला गाठ होती. या घाटात तशी गाठ एकच बाई मारते. तिसऱ्या दिवशी मी नागझरीला जाऊन आलो. रीत आहे ना आपली."

भैरवगिरीने जमिनीला हात टेकला.

"कारभारी भेटले?"

"भेटले. दिव्याचं सांगितलं. तू शपथ घेतलीस तेही सांगितलं."

...

बारा वर्षं. रोज समोर बसून जेवत होते, आणि सगळं माहीत होतं. भैरवगिरीला वाटलं, आता शरमेने मान वर होणार नाही. पण झालं उलटंच. त्याचा जीव भांड्यात पडला. खांदे आपोआप सैल झाले. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि महाराजांसमोर, लिंबाजीसमोरसुद्धा, त्याला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही.

महाराजांनी त्याला रडू दिलं.

"मग याचं काय करायचं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "चौकशी तुझी. सांगायचंही तूच."

"ठेवू या."

"पुन्हा खीर करपली तर?"

"चुलीपाशी त्याच्याबरोबर मी बसेन," भैरवगिरी म्हणाला. "झोप आली तर एकमेकांना हलवू."

लिंबाजीने हात जोडले, आणि कोणी आपला विचार बदलायच्या आत तो लगबगीने चुलीकडे गेला. राखेखालचे निखारे फुंकल्याचा आवाज आला.

भैरवगिरी डोळे पुसून उठला. उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला.

"महाराज, एक विचारू? कारभाऱ्यांनी एवढं सांगितलं, तरी मला ठेवलंत. गोजराबाई असं काय चांगलं बोलली माझ्याबद्दल?"

"काहीच नाही. तिनं मलाच विचारलं, भाकरी खाल्ली का त्यानं. मी म्हटलं, विचारून कळवतो... राहूनच गेलं. उद्या जाऊन सांगून ये."