ठकूची डहाळी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे किती ते विचारू नका, मला मोजता येत नाही, करंजखोलात सगळी घरं गवतानं शाकारलेली होती. खाली गाव, मध्ये भातशेतं, वर डोंगर, आणि डोंगरावर ठकू गवळण. एक झोपडी, सात म्हशी. बोलायची ती म्हशींशी नाहीतर वाऱ्याशी. म्हशी तिचं ऐकायच्या. वाराही ऐकायचा, असं म्हणतात.

राब ठाऊक नसेल त्यांनी कान द्या. पावसाच्या तोंडावर शेताच्या एका तुकड्यात पाला, फांद्या, शेण पसरून जाळायचं, आणि त्या भाजल्या मातीत भाताचं रोप करायचं. जाळायच्या आधी पाऊस आला तर रोप गेलं, वर्षाचा भात गेला. जाळताना वारा फिरला तर घरं गेली. वारा आधी वरच्या गवतात दिसतो, म्हणून गावानं ठरवलं, राबाला काडी लावायची ती ठकूला विचारून.

तिची रीत अशी. उजाडताना माणूस वर जाई. ठकू सावरीचा चिमूटभर कापूस हवेत सोडी. कापूस पायाशी पडला तर ती करंजाची हिरवी डहाळी हातात देई. आग झोडायची ती त्या डहाळीनंच. डहाळी एकच. ती परत आली की दुसऱ्याचा राब. आणि परत द्यायच्या आधी राखेवर उघडा तळहात टेकायचा. चटका बसला तर बसून राहा, घरी जाऊ नका. बाई तोंडानं फटकळ होती, पण तिच्या वेळी एक कौल जळलं नाही. कौल कुठलं तेव्हा, छपराच्या गवताची एक काडी जळली नाही.

मग एक साल असं आलं की कापूस पडेचना. आठ दिवस तो हवेत तरंगायचा आणि गावाकडे उतरायचा, पांढऱ्या पाखरासारखा. एकाचाही राब भाजला नव्हता. समुद्रावर ढग काळे होत चालले. तेव्हा गावचा मानकरी भिवाजी डोंगर चढून गेला.

"ठकूआये, ढग बघितलेस?"

"बघितले. तू वारा बघितलास?"

"गाव खाणार काय यंदा? वारा? डहाळी दे."

"नाही देत."

"मग तुझ्या म्हशींना तरी विचार!"

"विचारलं. म्हणाल्या, भिवाजीला टोपी मोठी आणि डोकं लहान."

भिवाजी चिडला. मूर्ख नव्हता तो, घाबरलेला होता. घरात खाणारी अकरा तोंडं. खाली उतरला आणि भर दुपारी, डहाळीशिवाय, त्यानं आपल्या राबाला काडी लावली.

आग आधी मांजरासारखी बसून राहिली. मग डोंगरावरून वारा सुटला आणि ती उठली. एक बांध ओलांडला, दुसरा ओलांडला, सरळ गावाकडे. बायका पोरांना उचलून ओढ्यात उभ्या राहिल्या. हवेत जळकं गवत तरंगत होतं.

तेव्हा वरून हाक आली. "हीऽऽ यो यो योऽऽ!" संध्याकाळी म्हशींना घरी बोलवायची तीच हाक. ठकू झोपडीच्या दारात उभी राहून वाऱ्याला बोलवत होती.

आणि वारा थांबला. मान वळवली त्यानं. गुराच्या चालीनं तो डोंगराकडे परत निघाला, आणि मागोमाग आग. जाताना ती शेताशेतांतून गेली, दिव्यानं दिवा लावावा तसा एकेक राब पेटवत गेली. कुंपणाची काटकी जळली नाही, बांधावरचं फूल कोमेजलं नाही. मग ती उतारावरचं गवत खात वर चढली, ठकूची झोपडी खाल्ली, आणि माथ्यावरच्या उघड्या कातळावर खायला काही न मिळून निजली. असं म्हणतात.

ठकूला वारा दुसरीकडे बोलवता आला नसता का? मला विचारू नका. घर तिचं एकटीचंच तिकडे होतं.

भिवाजी धावत वर गेला. म्हशी नव्हत्या. ठकू नव्हती. झोपडीच्या जागी पांढरी राख, आणि राखेच्या मधोमध एका तळहाताचा ठसा. भिवाजीनं त्यात आपला हात ठेवला. राख थंडगार होती. म्हणजे आग पुरती विझेपर्यंत ती थांबली होती, हात टेकून बघितलं होतं, आणि मगच गेली होती. कुठे? वाऱ्याबरोबर, असं म्हणतात.

भिवाजी तिथं बसून लहान पोरासारखा रडला. तेवढ्यात पाऊस आला.

त्या साली भात इतका आला की कणग्या पुरल्या नाहीत.

आता ग्रामपंचायतीचा परवाना काढावा लागतो. शिक्का असतो, तारीख असते. काढावा, मीही काढतो. पण करंजखोलात नुसत्या कागदावर कोणी काडी ओढत नाही. आधी माळावर जाऊन सावरीचा कापूस सोडतात. गावात डहाळी आजही एकच फिरते. आणि राब विझला की घरातलं थोरलं माणूस राखेवर तळहात टेकतं आणि डोंगराकडे तोंड करून मोठ्यानं सांगतं, "ठकूआये, थंड आहे गे."

वरून हाक येत नाही. पण गवत एकदा हलतं. मी बघितलंय.