पिवळ्या दिव्यावरचे 'शुभ लाभ'

एकदा एका रक्तपेढीत झाडलोट करणारी एक बाई होती, आणि आपले खरे कोणी मानत नाही, ही तिची तक्रार होती. तक्रार रास्त होती. चौथी शिकलेली बाई संगणकाबद्दल काही सांगू लागली, की ऐकणारा आधी तिच्या हातातल्या फडक्याकडे पाहतो.

तिचे नाव हौसाबाई. काचेच्या थंड खोलीत रक्तपेढीचा सर्व्हर होता. कोणती पिशवी तपासली, कोणती कोणाला द्यायची, ते सारे त्यात. अक्षय्य तृतीयेला त्यावर एक पिवळा दिवा लागला, तो विझेचना. यंत्र सांभाळणाऱ्या तरुणाला तिने तीनदा सांगितले.

"मावशी, पिवळा तसाच असतो. लाल झाला की सांगा."

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. येणारे-जाणारे दिव्याबद्दल विचारतात, म्हणून त्या तरुणाने नेमके दिव्यावरच 'शुभ लाभ'चे स्टिकर चिकटवले. आठव्या दिवशी भर दुपारी सर्व्हर बंद पडला. दोन तास एकही पिशवी बाहेर जाईना. कसेबसे यंत्र सुरू झाल्यावर तरुण म्हणाला, "मावशीने पुसताना वायर ओढली असणार."

"मी वायरीला हात लावला नाही."

"उद्यापासून येऊ नका," रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सतरा वर्षांची नोकरी तीन शब्दांत गेली. हौसाबाई सुन्न झाली. मग काचेच्या दारात फतकल मारून बसली. "कारण सापडू दे, मग उठते," म्हणाली. बसली ते बरे केले. उठून गेली असती तर दोषी ठरली असती.

तरुणाला हे काम शिकवणाऱ्या वृद्ध गुरूला बोलावणे गेले. त्याने येताच सगळ्या नोंदींची प्रत वेगळी काढून घेतली. नंतर पडद्याकडे न पाहता हौसाबाईच्या हातातले कोरडे फडके मागितले आणि सर्व्हर पुसू लागला. पुढून, मागून, एकेक वायर हलवीत. सगळे थिजून पाहत राहिले.

"अहो सर, पुन्हा बंद पडेल," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

यंत्र चालूच राहिले.

"बाई, तुम्ही याहून जोरात पुसता?"

"एवढं रगडून मी तवासुद्धा पुसत नाही."

गुरूने स्टिकर सोलले. खाली पिवळा दिवा तेवत होता. मग त्याने यंत्राच्या नोंदी उघडल्या. पहिला इशारा अक्षय्य तृतीयेचा, आणि पुढे दररोज तोच. शिष्याने ते सारे परस्पर एका वेगळ्या फोल्डरात जातील अशी सोय केली होती. एकही उघडलेला नव्हता.

गुरू म्हणाला, "डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम असतो, फर्मवेअर. तू सर्व्हरची प्रणाली नवी केलीस आणि कार्डाचे फर्मवेअर जुनेच ठेवलेस. दोघांचे जमेना. यंत्र रोज लिहून सांगत होते, बाई तोंडाने सांगत होती. अरे, इशारा म्हणजे अजून वेळ आहे असा निरोप. लाल दिवा वेळ संपल्यावर लागतो."

फर्मवेअर नवे झाले. यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा दिवा हिरवा होता. डॉक्टरीणबाई हौसाबाईकडे वळल्या. "उद्या या," एवढेच म्हणाल्या. नजर काही वर झाली नाही. मग त्यांनी चौकशीचा कागद गुरूपुढे सरकवला. "दोषी कोण, ते नाव लिहा."

शिष्याने मान खाली घातली. गुरू लिहिणार, तोच हौसाबाई बोलली.

"थांबा. पिवळ्याकडे बघायचं नाही, हे ह्याला शिकवलं कोणी? आईच्या पोटातून शिकून आला नाही हा."

शिष्याने गुरूकडे पाहिले.

"सांग," गुरू म्हणाला.

"सर, तुम्हीच. पहिल्या आठवड्यात. चाळीस यंत्रं होती, इशाऱ्यांचा ढीग यायचा. तुम्ही म्हणालात, पिवळ्यात वेळ घालवू नकोस, लाल झालं की ऊठ."

गुरूचा चेहरा उतरला. पेन धरलेला हात कागदावर तसाच राहिला. हौसाबाईलाही आपण काय बोलून गेलो, याचा धक्का बसला होता.

"म्हणालो होतो," गुरू हळूच म्हणाला, आणि रिकाम्या रकान्यात त्याने सावकाश, पूर्ण, स्वतःचेच नाव लिहिले: वामन रघुनाथ सोवनी.