राखेच्या रंगाचे मासे

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

त्या राज्याच्या दरबारात एक काचेचा हौद होता. माणूस शेजारी उभा राहिला तर छातीपर्यंत येईल एवढा उंच. त्यात गोड्या पाण्यातले लहान मासे होते. कुणाची शेपटी पंख्यासारखी, कुणाची तलवारीसारखी. जाती वेगवेगळ्या, पण सगळे एकत्र नांदत. हे मासे अंडी घालत नाहीत. त्यांच्या माद्या जिवंत पिल्लंच देतात.

रंग मात्र सगळा नरांच्या अंगावर. माद्या राखेसारख्या, पोटाने फुगीर. कुणी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहत नसे.

हौदाची राखण कोंडाजी नावाचा माणूस करी. तो बोलायला बुजरा होता. वाड्यामागच्या विहिरीजवळ राखणदाराचं घर होतं, तिथे तो आणि त्याची बायको चिमाक्का राहत.

त्या राज्यात एक रीत होती. राजाची लेक सासरी निघाली, की या हौदाच्या वंशातल्या एक्कावन्न माशांची घागर तिच्यासोबत जायची. राजाच्या बहिणी, आत्या, सगळ्या तशाच गेल्या होत्या. आता त्याच्या मुलीचं लग्न वर्षभरावर आलं होतं.

एकदा शेजारचा राजा पाहुणा म्हणून आला. हौदासमोर उभा राहून म्हणाला, “छान आहे. पण निम्म्या माशांना रंग द्यायचा राहून गेला वाटतं!”

दरबार हसला. राजाही हसला, पण ते त्याच्या मनाला लागलं. पाहुणा गेल्यावर त्याने कोंडाजीला बोलावलं.

“ते राखाडी मासे उद्या हौदात दिसता कामा नयेत. कालव्यात टाकून ये. आणि पाण्यातलं ते गवतही उपट. काच कशी मोकळी दिसली पाहिजे.”

“महाराज, त्या माद्या आहेत,” कोंडाजी म्हणाला.

“असू देत. हौद बघण्यासाठी आहे, त्यात कुणाला संसार थाटायचा नाही.”

“पण ताईसाहेबांची घागर...”

“एवढे मासे आहेत की डोळ्यांसमोर. जा.”

कोंडाजी माद्या घागरीत घेऊन कालव्यावर गेला. काठावर बराच वेळ बसला. मग घागर तशीच घेऊन घरी आला.

चिमाक्काने आत डोकावून पाहिलं. “राजाने बक्षीस दिलं की काय?”

“टाकून द्यायला सांगितलंय.”

“मग टाकलं नाही का?”

“हात झाला नाही.”

“वा! राजाचा हुकूम मोडायला बरा हात झाला,” ती म्हणाली. पण विहिरीजवळच्या दगडी डोणीतला कचरा तिनेच काढला, आणि हौदातून उपटलेलं गवतही तिनेच त्यात सोडलं.

त्या राज्यात हुकूम मोडणाऱ्याला सीमेबाहेर घालवत. हे दोघांनाही माहीत होतं.

महिनाभराने चिमाक्का डोणीवर वाकली आणि ओरडली, “अहो, इकडे या! गवतात मोहरीएवढे डोळे हलतायत. पण यात तर एकही नर नव्हता!”

“हौदातून निघाल्या तेव्हाच पोटात घेऊन निघाल्या,” कोंडाजी म्हणाला. “एकदा नराशी संग झाला, की पुढे कितीतरी महिने त्या पिल्लं देत राहतात. गवत काढू नकोस, पिल्लं त्यात लपतात. भूक लागली तर आयाच पिल्लं खातात.”

इकडे दरबारात पंधरा दिवस हौदाची वाहवा झाली. मग नर एकमेकांच्या मागे लागले. टोचून टोचून शेपट्यांच्या चिंध्या झाल्या. रोज एखादा मासा तळाशी दिसू लागला. या माशांचं आयुष्य मुळातच थोडं, आणि मेलेल्याची जागा घ्यायला नवं पिल्लू नव्हतं. वर्ष सरलं तेव्हा हौदात तीन मासे उरले होते.

लग्नाला चार दिवस राहिले. राजाने कोंडाजीला बोलावलं. शेजारी राजकन्या उभी होती.

“घागर रिकामी गेली, तर तू घर रिकामं कर,” राजा म्हणाला.

कोंडाजीने मनाशी हिशेब केला. बोललो नाही तर घर जाईल. बोललो तर राज्यच सोडावं लागेल. त्याने राजकन्येकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

“घागर भरेल, महाराज,” तो म्हणाला. “मी त्या माद्या टाकल्या नव्हत्या, विहिरीजवळच्या डोणीत ठेवल्या. मी हुकूम मोडला.”

राजा उठला आणि विहिरीवर आला. डोणीत लाल, निळे, पिवळे मासे गवतातून फिरत होते. काही दरबारातल्या माशांहून देखणे होते.

“यांचे बाप कुठले?” त्याने विचारलं.

“आपल्याच हौदातले. रंग आपलाच आहे, महाराज. तो यांच्या पोटात होता.”

राजा डोणीवर आणखी वाकला. म्हणाला, “माझा हुकूम चुकला होता. तू घरातच राहा.”

कोंडाजी घागरीत रंगीत मासे भरू लागला. राजकन्येने त्याचा हात धरला. “काका, आधी साध्या घाला. रंगीत नंतर.”

एक्कावन्न मासे घागरीत गेले. डोणीत चार राखाडी माद्या उरल्या.

“माझ्या हौदाला एवढ्याच?” राजाने विचारलं.

चिमाक्का म्हणाली, “पुष्कळ झाल्या, महाराज. फक्त थांबावं लागेल.”

लेक सासरी गेली. त्या सबंध हिवाळ्यात दरबारातल्या भल्याथोरल्या हौदात गवत होतं आणि चार राखाडी मासे होते. तीन म्हातारे नर कधीच गेले होते. पाहुणे यायचे, एकमेकांकडे बघायचे, हळूच हसायचे. राजा ते ऐकायचा आणि हौदासमोर बसून राहायचा. एके सकाळी त्याला गवतात मोहरीएवढे दोन डोळे दिसले, तेव्हा त्याने कुणालाही हाक मारली नाही. नुसता थोडा पुढे सरकून बसला.

बोध : ज्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही त्याला टाकून देऊ नये, कारण उद्याचा रंग त्याच्याचजवळ असू शकतो.