सात दिवसांचं पाणी

फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्यात नदीवर बांध उभा राहत होता. एके सकाळी गवंड्याच्या घरी भाकरी तव्यावर होती, एवढ्यात दवंडी आली, "आजपासून बांधावर कुणाला कायमचं काम नाही. मुकादम रोज सकाळी ज्याच्याकडे बोट दाखवेल, तो त्या दिवसापुरता कामावर."

तेव्हापासून त्या घरात उद्याचं काही ठरेना. बायको विचारी, "भाकरी बांधू की राहू दे?" आजारी आईला वैद्याकडे कधी न्यावं, हेही गवंड्याला सांगता येईना. एक दिवस गैरहजर राहिलं, की मुकादमाचं बोट दुसऱ्याकडे वळे.

चुन्यात रचलेल्या दगडांना सात दिवस पाणी मारावं लागतं, तरच सांधा धरतो. पण आज थर रचणारा उद्या कामावर नसे. नवा माणूस नवा थर रची आणि जुना उन्हात तडकत राही.

गवंडी मात्र, निवड झाली नाही तरी, बायकोला घेऊन बांधावर जाई. ती नदीवरून घागरी आणी, तो आपल्या थरांना पाणी मारी.

"काय रे, फुकटचा मालक झालास की काय?" मुकादम हसला. "पुन्हा इथे दिसलास, तर तुला कधीच काम नाही."

गवंड्याच्या डोळ्यांपुढे घर आलं. तरी हातातली घागर त्याने खाली ठेवली नाही.

"मुकादम, तुम्ही मला एका दिवसापुरतं ठेवता. चुना एका दिवसात धरत नाही. थर माझ्या हातचा आहे."

मुकादमाने शब्द खरा केला. गवंड्याचं काम गेलं. बायको लोकांची दळणं दळू लागली. पण सात दिवस भरेपर्यंत दोघं पाणी मारत राहिली.

पुढे नदीला पूर आला. सगळा बांध वाहून गेला, मधला एक तुकडा तेवढा उभा राहिला.

"हा कुणाच्या हातचा?" राजाने विचारलं.

मुकादमाची मान खाली गेली. गवंडी ताठ मानेने पुढे आला.

"तुला जन्मभराचं काम दिलं," राजा म्हणाला.

"माझ्या एकट्याच्या तुकड्याने नदी अडत नाही, महाराज. द्यायचं तर सगळ्यांना द्या."

राजाने हुकूम काढला. बांध पुरा होईपर्यंत एकाही गवंड्याला काढायचं नाही. पुढच्या बांधावर गवंड्यांच्या बायकांनीही थरांसाठी पाणी वाहिलं, आणि तो कोणत्याही पुरात हलला नाही.

बाळांनो आणि मोठ्यांनो, ज्याच्याकडून टिकणारं काम हवं, त्याला उद्याची खात्री आधी द्यावी.

पाणी वाहणाऱ्या बायकांचं नाव मात्र त्या हुकमात घालायचं राहून गेलं.